सहा पाम एका पातळीत

३ मार्च

ती. वहिनी,
शि. सा. न. वि. वि.

तुझं घर अजून उभं आहे, आणि तुझा नवराही. दोघांचीही डागडुजी करावी लागेल, पण आज-उद्या कोसळेल असं त्यातलं काही दिसत नाही. दादानं चार दिवस येऊन जा म्हणून निरोप धाडला, तेव्हाच मी ओळखलं की स्वारीचे हाल चाललेत. गेले बारा दिवस तो अंडी उकडून खातोय आणि त्याच पातेल्यात चहा करतोय. मी कवळ्या बनवायचं सगळं सामान बरोबर आणलंय. तीन म्हातारे माझ्या भरवशावर तोंड मिटून बसलेत, त्यांचे दात तुझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर करीन म्हणते. राग मानू नकोस, सध्या त्या ओट्याला दुसरं काही कामही नाही.

आता बागेचं. फाटकापासून पायरीपर्यंत सहा पाम उभे आहेत, कोल्ह्याच्या शेपटीसारखी झुबकेदार पानं असलेले. सारख्या अंतरावर, सारख्या उंचीचे, कवायतीला उभे केल्यासारखे. मी विचारलं की एका मापाची सहा झाडं मिळाली कुठे? तर छाती फुगवून म्हणाला की मिळाली नाहीतच. एक हातभर जास्त उंच होता, एक वीतभर, बाकीचे आपापल्या परीनं वर-खाली. मग ज्याची उंची जास्त त्याचा खड्डा जास्त खोल, असं करून यानं सहाही डोकी एका पातळीत आणली. छत्तीस वर्षं लिफ्टच्या दुरुस्तीत, ती मजल्याला बरोबर टेकवण्यात गेली ना, हाताला तीच सवय! ओळंबा धरला होता म्हणे, आणि वर ती बुडबुड्याची पाणसळ लावून पाहिली. सगळ्यांत उंच होता तो बिचारा जवळजवळ कमरेपर्यंत पुरलाय. तो उभा आहे पायरीजवळ, तुझ्या लिंबाच्या झाडाच्या जागी.

तू गेलीस ती त्या लिंबापायी, असं शेजारीण सांगते. दादा म्हणतो तू बहिणीकडे हवापालटाला गेली आहेस. वहिनी, हवापालटाला कोणी प्रेशर कुकर घेऊन जात नाही. खरं काय ते मला लिही आणि येतेस कधी तेही लिही.

माझ्यावरचा लोभ आहे तेवढाच असू दे. दादाच्या वाट्याचा कापून मला वाढू नकोस, त्याच्याकडे आधीच खडखडाट आहे.

तुझी,
धाकटी


१० मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आधी ओट्यावर कागद अंथर. तुझ्या त्या प्लॅस्टरचे ठिपके वाळले की खरवडूनही निघत नाहीत.

लिंबापायी गेले हे खरं आहे, पण अर्धंच. लिंबाला हात लावू नकोस, हे मी तुझ्या दादाला चार वेळा सांगितलं. एकदा सकाळच्या चहाला, एकदा तो टेप घेऊन अंगण मोजत होता तेव्हा, एकदा दिवे घालवताना आणि एकदा फाटकातून बाहेर पडताना, कारण दोन दिवस मी इकडे ताईकडे येणार होते. चारही वेळा तो हं म्हणाला. त्याचं हं तुला ठाऊक आहे. दार लोटल्यासारखं असतं, ना उघडं ना बंद. दोन दिवसांनी परत गेले तर लिंबाचं खोडसुद्धा जागेवर नव्हतं आणि तिथे खड्ड्यात उभा राहून हा पाणसळ बघत होता. मी विचारलं, हे काय केलंस? तर तोंड वर करून म्हणतो, तू काही बोलली नव्हतीस.

बोलले नव्हते! अगं, एकतीस वर्षं मी शाळेच्या प्रयोगशाळेत पोरांना सांगत आले की पाण्यात ॲसिड घाला, ॲसिडमध्ये पाणी नको. वांड, उनाड, वाया गेलेली पोरं, पण त्यांनी ऐकलं आणि सगळ्यांचे डोळे शाबूत राहिले. घरी मात्र चौतीस वर्षं मी भिंतीशी बोलतेय. लिंबू गेल्याचं वाईट वाटलंच. चौतीस वर्षांचं बोलणं मातीत गेलं, त्याचं फार जास्त वाटलं. कुकर घेतला आणि निघाले.

पामांचंही सांगितलं होतं. प्रत्येक खोडावर कुंडीतल्या मातीची रेघ उमटलेली होती, तेवढंच खोड मातीत जायला हवं, बोटभरही जास्त नको. त्यावरही हं.

आता माझी बातमी ऐक. ताईच्या घराजवळ एक नर्सरी आहे. कुंडी आणायला गेले होते, तर दोन रोपांच्या पाट्यांची अदलाबदल झालेली दिसली. मालकीणबाईंना सांगितलं. त्यांनी फोन खाली ठेवला, पाट्या बदलल्या आणि आणखी कुठे चुकलंय का ते मलाच विचारलं. मी बघतच राहिले. मला वाटलं, या बाईला बरंबिरं नाही की काय! दुसऱ्या दिवसापासून तिथे कामाला जाते. विभाग कोणता म्हणशील, तर हसू नकोस. पामांचा.

तुझ्या दादानं विचारलं तर खुशाल आहे म्हण. तो विचारायचा नाही, पण आपली तयारी असावी. लोभ ठेव आणि माझ्या चांगल्या चमच्यांनी मेण ढवळू नकोस.

तुझी,
वहिनी


२७ मार्च

ती. वहिनी,
शि. सा. न. वि. वि.

पामांच्या विभागात! वाचून इतकी हसले की हातातला एक दात ओट्याखाली गेला. दादानं ओट्याखाली शिरून तो शोधून दिला, पण हसण्याचं कारण मी सांगितलं नाही.

इकडे कवायत बिघडली आहे. नवी पानं येतात ती खुरटी आणि पिवळट. टोकं करपल्यासारखी दिसतात. दादा रोज सकाळी नळी घेऊन प्रत्येकाच्या शेंड्यात पाणी ओततो आणि जरा पिवळं दिसलं की पान छाटतो. सहांच्याही डोक्यावर आता चार-चार केस उरलेत. सगळ्यांत वाईट दशा त्या पुरलेल्याची. दादा त्याच्यापाशी जाऊन उभा राहतो, खोड हलवून बघतो, मग हात पुसत आत येतो.

मला राहवलं नाही. तुझं पत्रातलं वाक्य उचललं आणि माझ्या तोंडून सोडून दिलं. हातात कवळी होती, तीच त्याच्यासमोर धरली आणि सांगितलं की दात हिरडीत किती जायचा याचं एक माप असतं. शेजारच्याच्या रांगेत दिसावा म्हणून तो आणखी खोल ठोकला तर माणूस बोंबलेल, झाड बोंबलत नाही इतकंच. वहिनी, तो जेवता जेवता थांबला! पुन्हा सांग म्हणाला. मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर गडी गुडघ्यांवर बसून खोडांभोवतीची माती हातानं उकरतोय, आणि कुंडीची रेघ सापडली की मला हाक मारून दाखवतोय.

आता त्याला पुढचं हवंय. मी विचार करून सांगते म्हणून वेळ मारून नेलीय. तर पाणी कुठे, छाटणी किती आणि खत काय, हे लौकर कळव. तू मागून बोल, मी पुढून तोंड हलवते.

तुझा लोभ आणि तुझी अक्कल, दोन्ही उसनी मागणारी,
धाकटी


१ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

घाईत लिहितेय. आमच्याकडे रोपांचा ट्रक आला आहे.

झाडांनी माझं काही वाकडं केलेलं नाही, म्हणून सांगते. शेंड्यात पाणी एक थेंबही नको. पामाला जगायला एकच कोंब असतो, तो कुजला की झाड गेलं, बाजूनं फुटवा येत नाही. पाणी बुंध्यापासून हातभर लांब. पिवळं पान छाटू नये, झाड त्यातलं उरलंसुरलं ओढून घेत असतं. पूर्ण वाळलं की मग काढावं. खत आत्ता अजिबात नको, आजारी माणसाला कोणी मेजवानी देत नाही. नवं पान धड आलं की मूठभर, तेही लांबून.

पुरलेल्याची माती काढताना हळू. त्याचं काही खरं दिसत नाही, पण प्रयत्न करू दे.

लोभ आहेच. हे पत्र फाडून टाक.

वहिनी


१२ एप्रिल

सौ. हिस,
स. न. वि. वि.

विषय : बागेची सद्यस्थिती.

कळविण्यास आनंद होतो की क्रमांक एक ते पाच ही झाडे सुधारत आहेत. क्रमांक सहा, म्हणजे पायरीजवळचे, अजून बंद अवस्थेत आहे. दुरुस्ती चालू आहे.

सुधारणेचे सर्व श्रेय धाकटीचे. तिची या विषयातली जाण पाहून मी थक्क झालो. लागवडीची खोली, पाणी, छाटणी, खत, या चारही बाबतींत तिचे म्हणणे अचूक निघाले. पिवळे पान छाटू नये यामागचे कारण तर तिने इतके सोपे करून सांगितले की तुलाही सहज समजेल. आल्यावर तिच्याकडून थोडे शिकून घेण्यास हरकत नाही.

घरातील नळ, दिवे, बिजागऱ्या व्यवस्थित. तुझ्या खोलीच्या खिडकीची कडी बसवून दिली आहे. संध्याकाळी घरात आवाज नसतो. धाकटी बोलते, पण तो वेगळा.

तुझा मुक्काम आणखी किती आहे हे कळल्यास दुधाचा अंदाज करता येईल.

कळावे. लोभ आहे तो चालू स्थितीत ठेवावा.

तुझा
(सही)


१६ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद आहेत, पण आज ते जरा हात राखूनच देतेय.

तुझ्या दादाचं पत्र आलं. तुझ्याकडून मी शिकून घ्यावं म्हणतो. अख्खी नर्सरी ऐकेल इतकी मोठ्यानं हसले आणि मग शेडच्या मागे जाऊन रडले. मालकीणबाई पाणी घेऊन आल्या. बादली पालथी घालून शेजारी बसल्या.

शब्द तेच होते, धाकटे. रेघेचं मी सांगितलं होतं, तू सांगितलंस, त्यात काना-मात्रेचा फरक नव्हता. तुझ्या तोंडून गेलं ते शहाणपण, माझ्या तोंडून गेलं तो पंख्याचा आवाज. इतके दिवस मी मनाची समजूत घालत होते की माणूस जरा जाड कानाचा आहे, मुळात कोणाचंच ऐकत नाही. तसं नाही, हे तू सिद्ध करून दिलंस. त्याला ऐकू येतं. माझंच येत नाही.

तू मुद्दाम काही केलं नाहीस, ठाऊक आहे. पण आता माझ्याकडून एक अक्षर मिळणार नाही. तुझी अक्कल चालव.

आणि ऐक. मालकीणबाईंनी कायमची नोकरी देऊ केली आहे. ऑफिसच्या वर खोली आहे, खिडकीतून सगळी रोपं दिसतात. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचं. मी हो म्हणणार आहे. दुधाचा अंदाज त्याला काय करायचा तो करू दे.

लोभाचं यावेळी लिहीत नाही.

वहिनी


२३ एप्रिल

ती. वहिनी,
शि. सा. न. वि. वि. आणि कानही धरले आहेत.

सहावा गेला. सोमवारी सकाळी दादानं मधलं मिटलेलं पान जरासं ओढून पाहिलं, तर ते अलगद हातात आलं. खालचं टोक काळं पडून कुजलेलं, आणि वास असा की फाटकापर्यंत आला. ते पान हातात धरूनच माझ्याकडे वळून त्यानं विचारलं की आपलं कुठे चुकलं, तूच सांग. माझ्याकडे असा बघत होता, जशी मी मोठी वैद्यच.

मी धंद्यात बेधडक खोटं बोलते, वहिनी. घोड्यासारखे दात दिसणाऱ्यालाही सांगते की अगदी जन्मजात वाटतात. पण त्याच्यापुढे मला खोटं रेटता येईना. तू फाडायला सांगितलेलं पत्र मी फाडलं नव्हतं. सगळीच पत्रं आणली आणि त्याच्यापुढे ठेवली. सांगितलं की यातलं माझं काहीही नाही. कवळीचा दाखला तेवढा माझा.

त्यानं उभ्यानंच वाचलं. दहा मार्चचं दोनदा. मी त्याच्या हंची वाट बघत बसले, ते आलं नाही. मग म्हणाला की त्या चारही वेळा त्याला आठवतात. चहाची, टेपची, दिव्यांची आणि फाटकातली. म्हणजे त्यानं ऐकलं होतं! मी इतकी भडकले की माझं वय आणि त्याचं वय विसरून त्याला गाढव म्हटलं. ऐकलं होतंस तर मग का रे केलंस, म्हणून खडसावलं. तर सांगतो की तू आज बोलतेस तशी उद्याही बोलशील, असं त्यानं धरून ठेवलं होतं. उद्या पुन्हा सांगितलंस की बघू. कायमचं असणाऱ्या माणसाचं तेव्हाच्या तेव्हा ऐकायचं असतं हे लक्षात आलं नाही म्हणाला. त्याला असा मी कधी पाहिला नव्हता, आणि मला त्याची दया आली हेही लिहून टाकते. तुला आलीच पाहिजे असं नाही.

आज सकाळी उठून त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला. हत्यारांची पिशवी घेतली नाही. कुठे निघालास म्हटलं, तर पामाचं विचारून येतो म्हणाला. मी नर्सरीचा पत्ता सांगितलेला नाही, पण ती ताईंच्या घराजवळ आहे हे तुझ्या पत्रात होतं आणि वाचता त्याला येतं. तो पहिल्यांदा ताईंकडे जाईल, मग तुझ्याकडे. हे पत्र बहुतेक त्याच्यामागून पोचेल. हाकलून दिलंस तरी मी तुझ्या बाजूची आहे. फक्त परतीच्या गाडीची वेळ त्याला सांग, तेवढं त्याला कळत नाही.

लोभ कर म्हणायचं तोंड नाही. मनात आलं तर कर.

तुझी,
धाकटी


२८ एप्रिल

चि. धाकटीस,
पुष्कळ आशीर्वाद, यावेळी हात सोडून.

तुझं पत्र त्याच्या दोन दिवस मागून आलं. तो आला तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. नर्सरीत गर्दी होती. मान वर केली तर रांगेत तिसरा तुझा दादा. मला ओळख दाखवली नाही. मीही दाखवली नाही. पुढच्या दोघांचं झालं, मग तो काउंटरपाशी आला, खिशातून घडी केलेला कागद काढला आणि पामांविषयी काही विचारायचं आहे म्हणाला. कागदावर नऊ प्रश्न होते, आकडे घालून.

पहिला, झाड मेलं त्याच खड्ड्यात दुसरं लावता येईल का? मी सांगितलं, पाम नको. मुळं खणून काढायची, खड्डा उघडा ठेवून ऊन खाऊ द्यायचं आणि मग दुसऱ्या जातीचं काहीतरी. त्यानं लिहून घेतलं. दुसरा विचारला, उत्तर लिहून घेतलं. तिसरा, चौथा. मी बोलत होते आणि तो लिहीत होता. पाचवा कुजलेल्या मुळांचा. सहावा खताचा होता. सहावा झाल्यावर त्यानं एकदम आठवा विचारला.

आता मी एकतीस वर्षं टेबलाच्या पलीकडून पोरांच्या वह्या वाचल्या आहेत. उलटं अक्षर मला सुलट्यासारखं दिसतं. सातवा होता, तू परत येशील का. खत आणि कीड यांच्या मध्ये घातला होता. आठवा झाला, नववा झाला, त्यानं कागदाची घडी घातली आणि आभार मानून निघाला.

मी म्हटलं की सातवा राहिला.

त्याचे कान लाल झाले. मागे एक गृहस्थ काटेरी रोप हातात धरून उसासे टाकत होते, त्यांना मी थांबायला सांगितलं. तुझ्या दादानं घडी उलगडली आणि विचारलं. सगळ्यांसमोर, लिफ्टमध्ये कोणाला मजला विचारावा त्या आवाजात, पण विचारलं.

मी सांगितलं की नोकरी मी घेतली आहे, ती सोडणार नाही. पाच दिवस इथे, वरच्या खोलीत. शुक्रवारी संध्याकाळी घरी, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. घरच्या मातीत काय जायचं आणि किती खोल जायचं ते मी ठरवीन. आणि एखादी गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगणार नाही, एकदाच सांगेन.

त्यानं काउंटरवर वाकून सगळं लिहून घेतलं, सातव्याखाली जागा पुरेना म्हणून कागदाच्या मागच्या बाजूला. मग मला ते पहिल्यापासून वाचून दाखवलं आणि बरोबर ऐकलं का म्हणून विचारलं. एका ठिकाणी चुकलं होतं, शुक्रवारच्या जागी शनिवार लिहिला होता. मी सांगितलं. त्यानं शनिवार खोडला आणि शुक्रवार लिहिला.

या शुक्रवारी येते. तुझा लोभ असतोच, तो असावा म्हणून वेगळं काय लिहू?

तुझी,
वहिनी